विश्लेषण : ‘पहिल्या पानाची हमी’ घेण्याआधी वेबसाइटचा कोड का तपासायला हवा?

देवगड-रत्नागिरीचा हापूस थेट बागेतून घरपोच देणारे बागायतदार, कोकणातले होमस्टे चालक, कोल्हापुरी चपलांचे कारागीर अशा अनेक छोट्या व्यावसायिकांनी स्वतःची वेबसाइट तयार करून घेतली आहे. पण ग्राहक गुगलवर शोधतो तेव्हा ती दिसतच नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. अशा वेळी ‘महिनाभरात पहिल्या पानावर आणतो, हमी देतो’ असे सांगणारा फोन येतो आणि हजारो रुपये खर्च होतात. प्रत्यक्षात दोष अनेकदा वेबसाइटच्या कोडमध्येच असतो. तो आधी दुरुस्त केल्याशिवाय प्रसिद्धीवर पैसे ओतणे म्हणजे फुटक्या टाकीत पाणी भरणे आहे.

गुगल वेबसाइट कशी ‘वाचते’?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी स्थापन केली, तेव्हापासून क्रमवारीचे निकष अनेकदा बदलले. मूळ प्रक्रिया मात्र तीनच टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात ‘गुगलबॉट’ हा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने उघडतो. याला क्रॉलिंग म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात पानावरचा मजकूर समजून घेऊन त्याची नोंद सूचीत होते, ते इंडेक्सिंग. आणि कोणी काही शोधले की सूचीतली कोणती पाने आधी दाखवायची हे तिसऱ्या टप्प्यात ठरते, ते रँकिंग.

‘हमी’ विकणारे बोलतात ते फक्त तिसऱ्या टप्प्याबद्दल. पण पान उघडलेच नाही किंवा सूचीत गेलेच नाही, तर क्रमवारीचा प्रश्नच येत नाही. कोडचे काम प्रामुख्याने पहिल्या दोन टप्प्यांचे आहे.

दार आतून बंद तर नाही?

प्रत्येक वेबसाइटला ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवता येते. कोणत्या भागात शोधयंत्राने जाऊ नये, हे त्यात लिहिलेले असते. शिवाय एखाद्या पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ असा शब्द टाकला की ते पान सूचीत घेतले जात नाही. वेबसाइट तयार होत असताना अर्धवट पाने लोकांना दिसू नयेत म्हणून डेव्हलपर हे दोन्ही वापरतात, ते योग्यही आहे. घोळ होतो तो काम संपल्यावर. ‘वर्डप्रेस’च्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. तिच्यावरची खूण काढायची राहून गेली, तर वेबसाइट वर्षभर चालू राहूनही गुगलसाठी नसल्यासारखीच असते.

हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. गुगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’, त्यानंतर कोलन आणि जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता टाकला की सूचीतली पाने समोर येतात. एकही पान आले नाही, तर गडबड आहे असे समजावे. नेमके कारण ‘गुगल सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत कळते. कोणते पान नोंदले गेले, कोणते नाही आणि का नाही, हे तिथे पानागणिक दिसते. वेबसाइटवरील पानांची यादी म्हणजे ‘साइटमॅप’ही तिथेच देता येतो.

वेबसाइट ‘जड’ झाली की काय बिघडते?

गुगलने मोबाइलसाठी अनुकूल पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप द्यायला एप्रिल २०१५ मध्ये सुरुवात केली. आता तर सूचीसाठी पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रमाण मानली जाते. म्हणजे कार्यालयातल्या संगणकावर वेबसाइट झकास दिसते, हा दाखला पुरेसा नाही.

पानाचा अनुभव मोजण्यासाठी गुगलचे ‘कोअर वेब व्हायटल्स’ हे तीन निकष आहेत. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा. बटण दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा. आणि पान उघडताना मजकूर वर-खाली उड्या मारू नये, म्हणजे त्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. किमान ७५ टक्के भेटींमध्ये हे साधले, तरच निकाल ‘चांगला’ धरला जातो.

आता हिशेब करून पाहा. पहिल्याच पानावर आंब्याच्या पेटीचे ४ एमबीचे छायाचित्र कॅमेऱ्यातून जसेच्या तसे टाकले आहे आणि ग्राहकाच्या मोबाइलला १० एमबीपीएस वेग मिळतो आहे. तेवढे एक छायाचित्र उतरायलाच तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे निकष तिथेच मोडला. तेच छायाचित्र मोबाइलच्या पडद्याला पुरेल एवढे लहान करून ‘वेबपी’सारख्या प्रकारात २०० केबीपर्यंत आणले, तर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात उतरते. ग्राहकाला फरक जाणवतो तो फक्त वेगाचा.

छायाचित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिली की मजकूर उड्या मारत नाही. खालची छायाचित्रे गरजेपुरती उशिरा उतरवण्याची सोयही आहे. सरकते फलक, आपोआप सुरू होणारे व्हिडीओ आणि कधीतरी टाकून विसरलेली प्लगइन काढली, तर बरेच ओझे कमी होते. यातले काहीही नवे किंवा महाग तंत्रज्ञान नाही. गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर वेबसाइटचा पत्ता टाकला की यातली कोणती दुखणी आपल्याकडे आहेत, त्याची यादी फुकट मिळते.

मराठी मजकूर गुगलला का सापडत नाही?

मराठी व्यावसायिकांचे इथे दोन खास प्रश्न आहेत. पहिला म्हणजे छायाचित्रात कोंबलेला मजकूर. दरपत्रक, पत्ता, पेटीत किती डझन, पार्सल कुठे-कुठे पोहोचते हे सारे छपाईसाठी केलेल्या रंगीत जाहिरातीत असते आणि तीच जाहिरात वेबसाइटवर चिकटवली जाते. माणसाला ते वाचता येते. शोधयंत्र मात्र मुख्यतः पानावरच्या अक्षरांवर अवलंबून असते. दृष्टिहीन ग्राहकाच्या स्क्रीन रीडरलाही त्यातले काही कळत नाही. हा मजकूर अक्षररूपात लिहावा आणि छायाचित्राला वर्णनाचा ‘ऑल्ट’ मजकूर द्यावा, हा त्यावरचा साधा उपाय.

दुसरा प्रश्न जुन्या फॉन्टचा. डीटीपीच्या जमान्यात रुळलेले अनेक मराठी फॉन्ट युनिकोडमध्ये नाहीत. त्यात टाइप केलेला ‘आंबा’ पडद्यावर आंबाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. जुनी माहितीपत्रके किंवा पीडीएफ तशीच वेबसाइटवर चढवली, तर कोणी देवनागरीत कितीही शोधले तरी ती सापडणार नाहीत. याची परीक्षा अगदी सोपी आहे. वेबसाइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवावी. मराठी वाचता आले तर युनिकोड, अगम्य चिन्हे आली तर मजकूर बदलून घ्यावा लागेल.

ग्राहक कोणत्या शब्दांत शोधतो, हेही पाहायला हवे. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी मराठी शब्द रोमन लिपीत, तर कोणी सरळ इंग्रजीत. त्यामुळे मराठी आणि इंग्रजीसाठी वेगवेगळी पाने ठेवणे आणि ‘एचरेफलँग’ या खुणेने ती एकमेकांशी जोडणे हिताचे आहे. यंत्राने केलेले ओबडधोबड भाषांतर न तपासता टाकण्यापेक्षा मात्र एकाच भाषेतले नीटनेटके पान परवडले.

‘कीवर्ड’ भरून उपयोग होतो का?

पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड’ नावाची जागा असते. तिथे शंभर शब्द भरून ‘एसइओ केले’ असे सांगत पैसे घेणारे आजही आहेत. क्रमवारीसाठी ती खूण वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्याऐवजी प्रत्येक पानाला स्वतःचे ‘टायटल’ हवे. ‘होम’ या शीर्षकातून गुगलला आणि ग्राहकालाही काही कळत नाही. ‘देवगड हापूस – पुण्यात घरपोच’ यातून सारे कळते. निकालात शीर्षकाखाली येणारे दोन ओळींचे वर्णन क्रमवारी वाढवत नाही, पण ते वाचूनच ग्राहक आत यायचे की नाही ते ठरवतो.

गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह आणला. हा पत्ता, ही किंमत, ही दुकानाची वेळ, असे यंत्राला त्यातून स्पष्ट सांगता येते. अट एकच, कोडमध्ये जे सांगितले ते पानावरही दिसले पाहिजे.

पहिल्या पानाची हमी कोणी देऊ शकते का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे. तरीही हमी मिळते, कारण तिच्यात पळवाटा असतात. कोणीच शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह निवडून त्यावर पहिला क्रमांक दाखवता येतो. पैसे मोजून जाहिरात वर आणता येते आणि तिलाच ‘पहिले पान’ म्हणता येते. जाहिरात करण्यात गैर काही नाही, पण पैसे थांबले की तीही थांबते. काही जण बाहेरच्या संकेतस्थळांवरून दुवे विकत घेतात. अशा कृत्रिम दुव्यांविरुद्ध गुगलने २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ अपडेट आणले होते. दुवे विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो, त्याचा फटका बसतो तो वेबसाइटच्या मालकाला.

दुरुस्तीचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असे याच सूचना सांगतात. हापूसवाल्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. मार्चमध्ये आंबा बाजारात येत असेल, तर कोडचे काम दिवाळीपर्यंत उरकायला हवे. फेब्रुवारीत जाग आली, तर त्या हंगामापुरता जाहिरातीचाच पर्याय उरतो.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप असताना वेबसाइट कशाला?

हा आक्षेप पूर्ण चुकीचा नाही. ठरलेल्या ग्राहकांना मोजक्या पेट्या देणाऱ्याला व्हॉट्सॲप पुरेसे आहे. गल्लीतल्या दुकानाला ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’वरील मोफत नोंद वेबसाइटपेक्षा अधिक गिऱ्हाईक देऊ शकते. नुसता कोड स्वच्छ केला म्हणजे वेबसाइट वर येते असेही नाही. मजकुरात दम नसेल, तर वेगवान पानही मागेच राहते. शिवाय गुगल आता काही प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरे निकालांच्या वरच दाखवते, त्यामुळे वेबसाइटवर न जाताच ग्राहकाचे काम भागू शकते.

तरीही समाजमाध्यमांवरचे खाते ही भाड्याची जागा आहे. नियम त्यांचे, खाते बंद करण्याचा अधिकारही त्यांचा. जो ग्राहक व्यावसायिकाला ओळखत नाही, पण त्याचा माल शोधतो आहे, त्याच्यासाठी स्वतःची वेबसाइट हीच हक्काची जागा. आणि एआयची उत्तरेही अखेर यंत्राला वाचता येणाऱ्या पानांवरूनच तयार होतात.

चावी कोणाच्या हातात?

सर्वांत महागात पडणारी चूक कोडमधली नसतेच. डोमेन डेव्हलपरच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्याकडे आणि सर्च कन्सोलही त्याच्याच ईमेलवर, असे अनेक ठिकाणी चालते. मग संबंध बिघडले किंवा नूतनीकरण राहिले, की वर्षानुवर्षांचा पत्ता हातचा जातो. वेबसाइट नव्याने करतानाही असाच तोटा होतो. पानांचे जुने पत्ते बदलतात, पण त्यांवरून नव्या पत्त्यांवर नेणारे ‘३०१ रिडायरेक्ट’ लावले जात नाहीत. परिणामी जुन्या दुव्यांवरून येणारा ग्राहक ‘पान सापडले नाही’ या सूचनेवर आदळतो.

म्हणून डेव्हलपरला पैसे देण्याआधी व्यावसायिकांनी पाच गोष्टी लेखी मागाव्यात :

• डोमेन आणि होस्टिंग व्यावसायिकाच्या नावावर, सर्च कन्सोलची मालकीही त्याच्याकडे.
• काम सुरू होण्यापूर्वीचा आणि संपल्यानंतरचा पेजस्पीडचा मोबाइलवरील अहवाल.
• सूचीत आलेल्या आणि न आलेल्या पानांची यादी, कारणांसह.
• संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये. दर आणि पत्ता छायाचित्रात नव्हे, अक्षरांत.
• पत्ते बदलल्यास प्रत्येक जुन्या पानाचे रिडायरेक्ट.

यातली प्रत्येक गोष्ट मोबाइलवर तपासता येते आणि प्रामाणिक डेव्हलपर ती नाकारणार नाही. जो या पाच मुद्द्यांवर गप्प बसतो आणि फक्त पहिल्या पानाचे बोलतो, त्याला आगाऊ रक्कम न देणेच शहाणपणाचे.