सांथ आणि समुद्रापारचा व्यापार

सांथ देहास ग्रासते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती व्यापारासही ग्रासते, आणि त्या व्यापारावर ज्यांची चूल पेटते त्यांस रोग न होतांही उपाशी ठेवते, हें आपण लवकर विसरतों.

मुंबईस हा धडा दोनदां मिळाला आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. तेथें उंदीर पोसले गेले व त्यांच्या अंगावरील पिसवांनीं रोग माणसांत नेला. ज्या दारानें लक्ष्मी आली त्याच दारानें अवदसा शिरली! मग परकीय बंदरांनीं मुंबईच्या जहाजांस अटकाव केला. १८९७ सालीं येथून हजला जाणारी वाट बंद झाली. कामकरी गांवीं पळाल्यानें चीनला सूत धाडणाऱ्या गिरण्या अडल्या.

दुसरा धडा आपल्या उपनगरांतला. अंधेरीस १९७३ पासून ‘सीप्झ’ हें निर्यातीसाठीं राखलेलें क्षेत्र आहे. तेथें घडणारे हिऱ्यांचे दागिने विशेषतः अमेरिकेंत जातात. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली. इकडे कारखाने मिटले, तिकडे दुकानें. त्या एप्रिलांत भारताची मालाची निर्यात आदल्या वर्षीच्या एप्रिलापेक्षां सुमारें ६० टक्क्यांनीं घटली. रत्नें व दागिने यांची तर जवळजवळ थांबलीच. औषधांची मात्र बहुतेक पूर्वीइतकी राहिली. दागिन्यावांचून कोणाचें अडत नाहीं, औषधावांचून अडतें.

यावरून परदेशचा व्यापारच नको, असें कोणी म्हणेल तर तें योग्य नव्हे. वखार स्वच्छ ठेवणें आणि रोगाची वार्ता न दडवितां जाहीर करणें, हाच खरा उपाय होय. वार्ता दडविली कीं परकीयांचा विश्वास उडतो, आणि मग निर्दोष मालही बंदरावर अडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धन्याचा हिरा तिजोरींत पडून राहिला तरी पुढें विकला जातो. कारागिराचा गेलेला दिवस कधींच विकतां येत नाहीं. म्हणून सुकाळांतच त्याच्यासाठीं कांहीं तरतूद बाजूस काढली पाहिजे. एकत्र कुटुंबांत भावाची मिळकत थांबली म्हणून त्याचें ताट कोणी उचलीत नाहीं. तोच न्याय कारखान्यासही लागू आहे.