पिवळ्या त्रिकोणाची ऐशी की तैशी?

मंडळी, आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण पळून जाऊ नका. आयटीत नसाल तरी तुमच्या मोबाईलमधलं बँकेचं ॲप आमच्यासारख्यांनीच लिहिलेलं असतं!

माझा राग आहे तो कंपायलरचं तोंड बंद करण्याच्या आपल्या सवयीवर. विशेषतः ‘हा डेटा दोन थ्रेड एकाच वेळी बदलू शकतात’ ही वॉर्निंग आली की.

भानगड काय ते आधी सांगतो. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्पातलं एखादं दुकान घ्या. उधारीची वही एक, भाऊ दोन. दोघांनीही एका गिऱ्हाइकाची बाकी ५०० पाहिली. थोरल्याने मनात २०० मिळवून ७०० लिहिले. धाकट्याने आपले १०० मिळवून ते खोडून ६०० लिहिले. बाकी हवी ८००. म्हणजे २०० रुपये गायब, आणि चोर कुणीच नाही! हीच डेटा रेस. वर गंमत म्हणजे टेस्टिंगमध्ये दहा वेळा ८०० येतील आणि अकराव्यांदा, नेमके क्लायंटकडे, ६००.

हे फक्त पुस्तकी नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात बसले. सुरुवात झाली ती तारा झाडांना टेकल्यामुळे. पण ओहायोच्या कंट्रोल रूममधला अलार्म तासाभराहून जास्त मुका होता, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. का मुका? दोन प्रोसेस एकाच डेटावर एकाच वेळी लिहीत होत्या. ती चूक सापडायला आठवडे लागले.

आज अशा कितीतरी चुका कंपायलर कोड लिहितानाच दाखवतो. रस्टचं पहिलं पक्कं व्हर्जन २०१५ ला आलं, तेव्हापासून ‘अनसेफ’ न लिहिता केलेली डेटा रेस तिथे कंपाइलच होत नाही. स्विफ्टने २०२४ मध्ये आधी ५.१० मध्ये या पूर्ण तपासणीच्या वॉर्निंग दिल्या आणि सप्टेंबरमध्ये ६ मध्ये त्यांचे सरळ एरर केले. फक्त जुन्या प्रोजेक्टला तो मोड आपण चालू करावा लागतो.

आणि आपण काय करतो? क्लासवर ‘अनचेक्ड सेंडेबल’ चिकटवतो. म्हणजे काय? ‘बाबा कंपायलर, तू तपासू नकोस, मी बघतो.’ आत खरंच लॉक असेल तर ठीक. पण बहुतेक वेळा बघत कुणीच नसतं! माझ्या एका जुन्या कंपनीत तर ‘डेमोला बिल्ड स्वच्छ दिसलं पाहिजे’ म्हणून वॉर्निंगच बंद करायचं फर्मान निघालं होतं. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडायचा, झालं.

‘फुकटच्या वॉर्निंग फार येतात हो!’ मान्य, येत होत्या. पण २०२५ च्या स्विफ्ट ६.२ मध्ये अख्खं मॉड्यूल मेन ॲक्टरवर ठेवायची सोय आहे. साध्या ॲपची कटकट त्यानेच बरीच कमी होते. ती सबबही गेली.

प्रोग्रॅमिंगमधला ‘सेमाफोर’ हा शब्द रेल्वेच्या सिग्नलवरूनच आलाय. कल्याण-बदलापूर मार्गावरचा मोटरमन पिवळा दिसला की पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवतो. ‘गाडी लेट आहे’ म्हणून तो सिग्नलवर फडकं टाकत नाही. एक्सकोडमधला त्रिकोणही पिवळाच असतो, आपण मात्र डेडलाईनच्या नावाखाली रोज फडकं टाकतो.

तेव्हा सोमवारी एवढंच करा. एका मॉड्यूलला कडक मोड लावा आणि प्रत्येक ‘अनचेक्ड’समोर ते सुरक्षित का आहे ते एका ओळीत लिहा. ती ओळ सुचली नाही, तर बग तिथेच आहे असं समजा.