ताप आला की एक चमचा सिरप? आधी बाटलीवरचा आकडा वाचा

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ सिरप घेतलेली लहान मुलं दगावली. काहींवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएनेही एसआर-१३ ही बॅच वापरू नका, असं बजावलं.

अशी भेसळ घरी ओळखता येत नाही. डोसची चूक मात्र घरीच होते आणि घरीच टाळता येते.

कसबा बावड्यातल्या मेडिकलमध्येही मुलांचं पॅरासिटामॉल वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. ५ मिलीत १२० मिलीग्रॅम, ५ मिलीत २५० मिलीग्रॅम आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० मिलीग्रॅम.

एका वेळचा डोस साधारण किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. म्हणजे १० किलोच्या बाळाला जास्तीत जास्त १५० मिलीग्रॅम. ड्रॉप्स चमचाभर पाजले, तर पोटात जातात ५००!

मग काय करायचं?

• डॉक्टरांकडून डोस मिलीत लिहून घ्या.
• बाटलीसोबतच्या मापानेच द्या, घरच्या चमच्याने नको.
• सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं. कोल्ड्रिफमध्येही होतं. दोन्ही एकदम देऊ नका.
• तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर थेट डॉक्टरांकडे न्या.