पंचनाम्यात न येणारे नुकसान

पूर ओसरला की तलाठी येतो. पडलेल्या भिंती मोजतो, वाहून गेलेली जनावरे लिहून घेतो, किती गुंठे ऊस कुजला याची नोंद करतो. पंचनामा झाला की भरपाईची वाट पाहायची, हा आपला नेहमीचा शिरस्ता. परंतु त्या घरातील माणसाची झोप उडाली, त्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. आमचे म्हणणे असे की, हे नुकसान पडलेल्या भिंतीपेक्षा लहान नाही. भिंत वर्षभरात उभी राहते. उडालेली झोप मात्र काहींना वीस-तीस वर्षे नीट लाभत नाही, आणि उतारवयात तिची किंमत स्मरणशक्तीने चुकवावी लागण्याचा धोका असतो.

मोठा आघात झाल्यावर काही दिवस घाबरणे, रडणे, दचकून उठणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे मन हळूहळू ताळ्यावर येते. पण काहींचे येत नाही. महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, स्वप्नात येतो. माणूस त्या जागेकडे फिरकत नाही, त्या विषयावर बोलत नाही. पत्रा वाजला तरी अंगाला कापरे भरते. घरच्यांवर विनाकारण चिडतो, कशातच मन लागत नाही. डॉक्टर यास आघातोत्तर ताणविकार म्हणतात. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या यादीत त्याला हे स्वतंत्र नाव दिले. पण हा आजार केवळ सैनिकांचा नाही. पूर, भूकंप, अपघात, मारहाण, घरातील कोणी आत्महत्या केलेली पाहणे, यांपैकी कशानेही तो जडू शकतो.

आपल्या भागातील उदाहरण घ्यावयाचे तर किल्लारीचे घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. जाड दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. वाचलेल्या काही लोकांची डॉक्टरांनी महिनाभराने तपासणी केली. पाहणी लहान होती, पण तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना मनाचा काही ना काही विकार जडलेला आढळला. त्यात हा ताणविकार आणि उदासीनता हे मुख्य होते. १९९६ साली ही पाहणी एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात छापून आली. त्या पहाटे जे तिशी-पस्तिशीत होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, त्यातून वाचलेलेही एक दिवस त्या वयाला पोहोचतील. म्हणून हा प्रश्न आजच विचारात घेतला पाहिजे.

भीतीचा आणि मेंदूच्या वार्धक्याचा संबंध कसा, हे शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड नाही. विहिरीत पाणी नसताना मोटर चालू राहिली तर ती तापते आणि शेवटी जळते. संकट आले की आपले शरीरही असेच एक यंत्र सुरू करते. ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप पळते. संकट टळले की हे यंत्र बंद व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. ताणविकारात मेंदूतील भीतीची घंटा बडवणारा भाग शांत होत नाही आणि यंत्र अवेळी पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. वर्षानुवर्षे झोप मोडली, रक्तदाब चढा राहिला, तर हृदयाबरोबर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही झीज सोसावी लागते. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा मळ बाहेर टाकतो असे संशोधनातून दिसत आहे; ती झोपच मिळाली नाही तर साफसफाई राहून जाते. त्यात माणूस झोप यावी म्हणून दारू घेऊ लागला, विड्या वाढवल्या, चारचौघांत जाणे सोडले, की मेंदूची आणखी हानी होते.

आता आकडे पाहू. अमेरिकेत ५५ वर्षे व त्यापुढील १,८१,०९३ माजी सैनिकांच्या नोंदी सात वर्षे तपासण्यात आल्या आणि त्यांचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हा ताणविकार होता त्यांच्यापैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात स्मृतिभ्रंश झाला. ज्यांना नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ६.६ टक्के होते. इतर आजार हिशेबात धरूनही धोका सुमारे पावणेदोन पट भरला. पुढे २०२० साली लंडनच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील १३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत सैनिकांखेरीज सामान्य नागरिकही होते. तेथेही धोका वाढलेलाच दिसला.

परंतु आकडे वाचून कोणी हाय खाऊ नये. त्याच सैनिकांपैकी विकार असलेल्या शंभरांतील जवळजवळ नव्वदांना त्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश झाला नाही. दुसरे असे की, मेंदूतील आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या रुग्णांमध्ये लहान दिसतो, म्हणून भीतीनेच तो खाल्ला असे सरसकट सांगितले जाते. २००२ साली अमेरिकेतील जुळ्या भावांचा एक अभ्यास छापून आला. एक भाऊ व्हिएतनामला गेला होता, दुसरा घरी राहिला होता. लढाईवर गेलेल्याला तीव्र विकार जडला असेल, तर घरी राहिलेल्या भावाचाही तो भाग लहान आढळला. म्हणजे काहींची जमीन मुळातच हलकी असते, तिच्यावर आघाताचा पाऊस जास्त धूप करतो. अशा माणसाला ‘भित्रा’ म्हणून हिणवणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. आमचा तिला विरोध आहे. वडीलधारी व्यक्ती विसरू लागली तर ते वयाचेच, असे समजून गप्प बसू नये. डॉक्टरांकडे न्यावे आणि पूर्वी घडलेला मोठा आघात आवर्जून सांगावा. तो न विचारता सांगावा, कारण गर्दीच्या दवाखान्यात कोणी विचारील याचा भरवसा नाही. कधी विसरण्याचे कारण थायरॉईड, बी-१२ ची उणीव किंवा उदासीनता हे असते, आणि त्यावर उपाय आहे. ज्यांना स्मृतिभ्रंश झालाच आहे, त्यांच्यात जुनी भीती कधी कधी पुन्हा वर येते. रात्री पाऊस सुरू होताच आजी ओरडू लागली तर तिला दटावू नये. दिवा लावावा, हात धरावा, ‘घर कोरडे आहे, आम्ही सगळे इथे आहोत’ असे शांतपणे सांगावे.

ताणविकारावर उपचार आहेत, आणि ते आघातानंतर अनेक वर्षांनीही लागू पडू शकतात. प्रशिक्षित समुपदेशक त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकवतो. काहींना डॉक्टर औषधेही देतात. उपचाराने पुढचा स्मृतिभ्रंश टळेलच असे वचन आम्ही देणार नाही. पण झोप आणि मनाची शांती परत मिळणे एवढे जरी साधले, तरी ते थोडे नाही. झोपेच्या गोळ्या मात्र परस्पर दुकानातून आणू नयेत. आपल्या भागातील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे, गोव्यात बांबोळीचे रुग्णालय आहे. जाणे जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सेवा २०२२ साली सुरू झाली.

शेवटी धर्मग्रामाविषयी थोडे. संकटानंतर आपण धान्य देतो, पत्रे देतो, महिन्याची मिस्सा व वर्षाची मिस्सा ठेवतो, आणि मग ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्यावर सोपवतो. आमची सूचना अशी की, मदतीच्या यादीत एक रकाना वाढवावा: ‘झोप लागते का?’ हा प्रश्न महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारावा. कोणाकडून बळेच घडलेले वदवून घेऊ नये. असे केल्याने फायदा होत नाही. बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर जवळ बसावे. महिन्यानंतरही झोप नसेल तर दवाखान्यापर्यंत कोणीतरी सोबत जावे. आणि भीती वाटणे म्हणजे श्रद्धा उणी असणे, असे तर कोणालाही कधीच ऐकवू नये. या कामास पैसा लागत नाही. वर्षभर लक्षात ठेवणारी चार माणसे लागतात. प्रत्येक वाडीत ती मिळतील, अशी आम्हांला खात्री वाटते.