घरगुती विज्ञान : पाणी आणि वीज एका पेटींत

एक भगिनी विचारतात, "आमच्या चिरंजीवास पाण्यानें थंड राहणारा लहानसा गेमिंग संगणक घरींच जुळवावयाचा आहे. परवानगी द्यावी काय?" अवश्य द्यावी, मात्र त्याच्याकडून तीन उत्तरें आधीं घ्यावींत.

पहिलें मापांचें. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. परंतु ग्राफिक्स कार्ड, रेडिएटर व नळ्या कॅबिनेटांत मावतील कीं नाहीं, हें खरेदीपूर्वीं मोजलें आहे काय?

दुसरें उष्णतेचें. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती रेडिएटरपर्यंत वाहून नेतें, व पंखे ती खोलींत सोडतात. खोली ३८ अंश तापली असेल, तर पाणी त्याहून थंड होणार नाहीं.

तिसरें धीराचें. पंप सर्वांत उंच जागीं बसवूं नये, कारण हवेचे बुडबुडे वर जमतात. नळ्या स्वतः जोडल्या असतील, तर प्रथम केवळ पंप चालवून गळती पाहावी; इतर भागांस वीज मागाहून द्यावी.

हीं उत्तरें जो देईल, त्याच्या हातीं स्क्रू-ड्रायव्हर निर्धास्तपणें द्यावा. खेळ तर तो खेळेलच. परंतु जुळणींत अंगीं आलेला धीर त्या खेळाहून अधिक दिवस टिकेल.