सूर्यास्ताची मागणी आणि शरीरातली रात्र

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की आपल्याला रविवारची सुटी आठवते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली, हे खरेच. परंतु सप्टेंबर १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी जे निवेदन तयार झाले, त्यात आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. ही मागणी आपण विसरलो. माझ्या मते त्या निवेदनातली सर्वांत दूरदर्शी मागणी तीच होती.

पुढे घडले ते नेमके उलट. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला अर्नेस्ट स्टार्लिंग याने आपल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. ग्रंथीतून थेट रक्तात उतरणारा आणि दूरच्या अवयवाला कामाला लावणारा हा रासायनिक निरोप्या. दिवा आणि हा निरोप्या यांचे वैर कळायला मात्र आणखी अर्धशतक जावे लागले.

मेंदूतली पिनिअल ही इवलीशी ग्रंथी अंधार पडल्यावर मेलाटोनिन सोडते; ते १९५८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. डोळ्यांवर उजेड पडला की त्याचा स्राव दबतो. पहाटे पीयूषिका ग्रंथीच्या हुकमाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवते आणि शरीर दिवसाला सज्ज होते. उत्तररात्री जेवणाचा डबा उघडला, तर तेच अन्न दिवसापेक्षा रक्तातली साखर अधिक चढवते, कारण इन्सुलिनचा प्रभाव त्या वेळी मंद असतो. कामगार जागा असला तरी त्याच्या ग्रंथींची रात्रच चालू असते.

कायद्याला याची अंधूक जाणीव असावी, असे कधी कधी वाटते. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांचे काम १२ तासांवर आणले आणि पहाटे साडेपाचपूर्वी वा सायंकाळी सातनंतर काम नको, असेही म्हटले. पण मंजूर पाळीपद्धतीला त्यातून सूट दिली. पुढे ती सूटच नियम होऊन बसली. १९४८ च्या कायद्याने दिवसाचे तास ९ केले. रातपाळीच्या माणसासाठी त्यात कलम ५७ होते. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावेत, असे ते सांगत असे. तारखेचा हिशेब चोख! झोपेचा कुठेच नाही.

मी सातपूरला राहतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत ‘थर्ड शिफ्ट’ हा शब्द घरोघरी रुळलेला आहे. अनेक ठिकाणी पाळी दर आठवड्याला बदलते. शरीराचे घड्याळ नव्या वेळेला जुळायला कित्येक दिवस घेते. ते जुळू लागते न लागते तोच पाळी पालटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा रात्रकामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला.

तरीही आपला कामगार-इतिहास मजुरी, संप आणि तास यांच्यापुढे सहसा जात नाही. किती तास, हे आपण विचारतो. कोणते तास, हे विचारत नाही. स्त्रियांच्या रातपाळीवरची चर्चाही सुरक्षितता आणि वाहनव्यवस्था इथेच थबकते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण पिनिअल ग्रंथी स्त्रीपुरुष दोघांनाही असते.

कारखाने रात्री बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. भट्ट्या आणि रुग्णालये थांबत नाहीत. पण पाळी सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकली तर शरीराला ती उलट्या क्रमापेक्षा सोपी जाते, कारण बहुतेकांचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते. या बदलाला नवे यंत्र लागत नाही. पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रकात वेतनवाढीच्या कलमाखाली एवढी एक ओळ सहज मावेल.