रिकामी ओळ लपवा, पण ‘निरंक’ खोडू नका



आज पिकाचं नाही, मोबाईलमधल्या बाजारभावाच्या यादीचं लिहितो. विषय बारका वाटेल, पण मला त्याचा सतराशे रुपयांचा फटका बसलाय.

आधी काय व्हायचं, ॲपमध्ये ‘सोयाबीन’ टाकलं की सगळ्या बाजार समित्या खाली ओळीनं उभ्या राहायच्या. आपल्या राज्यात मुख्य बाजार समित्याच तीनशेच्या वर. त्यातल्या निम्म्यांच्या पुढं नुसत्या आडव्या रेघा. आवक नाही, कमीत कमी नाही, जास्तीत जास्त नाही, सर्वसाधारण दर नाही. भर उन्हात बांधावर उभं राहून त्यातून भाव असलेल्या ओळी शोधायच्या म्हणजे अंगठा दुखून यायचा. आपण बऱ्याच जणांनी तक्रार केली, मीही केली. मग ॲप अपडेट झालं आणि रिकाम्या ओळी दिसायच्या बंद झाल्या. म्हणलं, चला, कुणीतरी ऐकलं.

गेल्या हंगामात दिवाळीच्या तोंडावर २२ क्विंटल सोयाबीन काढायचं होतं. रात्री यादी बघितली तर आमच्या जवळच्या बाजाराचं नावच नाही. आदल्या दिवशीही नव्हतं. नाव टाकून शोधलं तरी ‘काही सापडलं नाही’. मला वाटलं, सणाची सुट्टी लागली. सकाळी टेम्पो भरून लांबच्या बाजाराला गेलो. भाडं ११०० लागलं असतं तिथं २८०० गेलं. दोन दिवसांनी बघतो तर जवळच्या बाजाराच्या राहिलेल्या नोंदी एकदम चढलेल्या. लिलाव रोज चालू होता, भावही जवळपास तेवढाच. फक्त आकडे भरायचे राहिले होते.

एक फोन केला असता तर कळलं असतं, ती चूक माझी. पण चूक यादीचीही आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

बाजाराच्या ओळीतलं रिकामपण एक नसतं, तीन असतात. एक, बाजारच बंद आहे. सण असेल, अमावस्या असेल, हमालांचा बंद असेल. दोन, बाजार चालू आहे पण त्या मालाची आवक झाली नाही. तीन, माल आला, लिलाव झाला, फक्त नोंद पोचली नाही. शेतकऱ्याला या तिन्हींवर तीन वेगळे निर्णय घ्यावे लागतात. ॲपला मात्र तिन्ही सारखेच, म्हणून तिन्ही गायब.

आपल्या जुन्या कागदात हे शहाणपण होतं. काही नसलं तर सरकारी तक्त्यात जागा कोरी सोडत नाहीत, ‘निरंक’ लिहितात. म्हणजे बघितलं, आणि काही नाही. सातबाऱ्यावर पेरलं नसेल तर ‘पड’ लिहितात. ई-पीक पाहणीतसुद्धा चालू पड, कायम पड अशी वेगळी नोंद आहे. पावसाचंही तेच. ० मिमी म्हणजे पाऊस नाही, कोरा रकाना म्हणजे माप कळलं नाही. कोऱ्याला शून्य समजून कुणी सल्ला दिला तर पीक वाळेल नाहीतर सडेल. कृषी सल्ला देणाऱ्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं.

म्हणून माझं म्हणणं असं. रिकाम्या ओळी लपवायला माझा विरोध नाही. मालाचं नाव टाकलं तर भाव असलेले बाजार आधी दाखवा, बाकीचे झाका. पण यादीच्या तळाशी एक ओळ ठेवा, ‘इतक्या बाजार समित्यांची माहिती आली नाही’, आणि त्यावर बोट ठेवलं की ती नावं उघडू द्या. आणि कुणी बाजाराचंच नाव टाकून शोधत असेल तर ती ओळ कधीच लपवू नका. बंद, आवक नाही की नोंद नाही, जे असेल ते लिहा. खाली शेवटचा भाव तारखेसकट द्या. बिनतारखेचा जुना भाव मात्र नको, तो कोऱ्या ओळीपेक्षा वाईट.

आणि यासाठी बाजार समित्यांनीही रोजच्या रोज नोंद करायला पाहिजे. बंद असेल तर तेही भरावं. मुळात भरलंच नाही तर ॲपवाला तरी काय दाखवणार?

तोवर आपण एवढं करायचं. यादीत नाव नाही म्हणजे बाजार बंद असं धरायचं नाही. पोती टेम्पोत चढवायच्या आधी अडत्याला नाहीतर समितीला एक फोन लावायचा. फोनला पैसे पडत नाहीत, टेम्पोला पडतात.

बघा पटतंय का. तुमच्याकडं असं कुणाचं झालं असेल तर खाली लिहा.